पाहुणे, शेजार आणि रविवारची उपासना : उन्हाळ्यातला भरगच्च आठवडा कसा आखावा

उन्हाळ्याच्या सुट्टीत एखादा आठवडा असा येतो की, कित्येक महिने न भेटलेले मित्र मंगळवारी मुक्कामाला यायचे असतात, शुक्रवारी संध्याकाळी शेजाऱ्यांना आपणच बोलावून ठेवलेले असते, मुलांची सुट्टीतली बायबल शाळा रोज सकाळी भरत असते आणि रविवारच्या उपासनेतले शास्त्रवाचन, म्हणजे बायबलमधला उतारा वाचणे, व उपासनेनंतरचा अल्पोपाहार नेमका आपल्याच वाट्याला आलेला असतो. यातले एकही काम नकोसे नसते, कारण सगळी माणसे आपलीच असतात. तरीही शनिवारची रात्र येईपर्यंत घरातले सगळे थकून जातात, लहानसहान गोष्टींवरून एकमेकांवर चिडू लागतात, आणि रविवारी सकाळी शरीर चर्चच्या बाकावर असले तरी मन घरी न झाकता राहिलेल्या पातेल्यापाशी घुटमळत राहते.

असे बरेच आठवडे घरात आणि मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांमध्ये, काढल्यावर माझे मत ठाम झाले आहे की, आठवडा कार्यक्रमांच्या संख्येमुळे कोलमडत नाही. प्रत्येक कार्यक्रमाला एक आदली संध्याकाळ असते आणि एक दुसरी सकाळ असते. आदल्या संध्याकाळी बाजार, झाडलोट, निरोपानिरोपी. दुसऱ्या सकाळी भांडी, चादरी, उसन्या आणलेल्या वस्तू पोहोचवणे. वहीत आपण फक्त कार्यक्रम लिहितो, ही दोन टोके लिहीत नाही. मग एका कार्यक्रमाची आवराआवर दुसऱ्याच्या तयारीवर येऊन आदळते आणि गोंधळ तिथे उडतो. पुढची सारी आखणी या एका गोष्टीभोवती उभी आहे.

सुरुवात रविवारापासून करावी

एक मोठा कागद आडवा धरून त्यावर सात रकाने आखावेत, पण लिहायला सोमवारपासून सुरुवात करू नये. आधी रविवारचा रकाना भरावा. मित्रांची भेट एखाद्या दिवसाने मागेपुढे होऊ शकते, शेजारीही समजून घेतात. उपासनेची वेळ मात्र साऱ्या मंडळीची असते आणि ती आपल्या सोयीने हलत नाही.

या रकान्यात ‘चर्च’ एवढा एक शब्द लिहून भागत नाही. उपासना किती वाजता आहे हे पुन्हा विचारून घ्यावे, कारण उन्हाळ्यात काही मंडळ्या वेळ अलीकडे आणतात आणि बाहेरगावाहून परतलेल्या माणसाला ते ठाऊक नसते. आपल्याकडे नेमके काय सोपवले आहे हेही स्पष्ट करून घ्यावे: वाचन, गायन, दारात उभे राहून लोकांना जागा दाखवणे, अर्पण गोळा करणे, फुले, प्रभुभोजनाच्या (भाकर व द्राक्षारसाच्या विधीच्या) पात्रांची तयारी, की सभागृह उघडणे आणि बंद करणे. प्रत्येक कामाची तयारी वेगळ्या वेळी सुरू होते. फुलांची शनिवारी संध्याकाळी होते, गायनाची आठवड्याच्या मध्यावर होते, आणि वाचनाची तर सोमवारीच सुरू व्हायला हवी.

वाचनाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण हे काम सर्वात सोपे समजून सर्वात उशिरापर्यंत टाळले जाते. रोमन कॅथोलिक चर्चमध्ये रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात फिरतात, आणि अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या वापरतात ती, 1992 साली प्रसिद्ध झालेली सामायिक वाचनमालाही तीन वर्षांचीच आहे. म्हणजे कोणत्या रविवारी कोणता उतारा येणार हे फार आधी ठरलेले असते. जिथे पाळक (मंडळीचे धर्मगुरू) स्वतः उतारा निवडतात तिथे सोमवारी त्यांना फोन करून तो मागून घ्यावा. मग रोज एकदा, उभे राहून, मोठ्याने वाचावा. रोज पाच मिनिटे पुरतात. बायबलमधल्या पौलाच्या पत्रांतली वाक्ये इतकी लांब असतात की, पहिल्यांदाच वाचणारा चुकीच्या जागी श्वास घेतो आणि अर्थ मधोमध तुटतो. श्वासाच्या जागी पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवावी. अवघड विशेषनामांचा उच्चार शुक्रवारपर्यंत कोणा जाणत्याला विचारून घ्यावा, म्हणजे रविवारी व्यासपीठावर अडखळण्याची वेळ येत नाही.

रविवार लिहून झाला की चर्चची दिनदर्शिका उघडून आठवड्याच्या मधल्या दिवसांवर नजर टाकावी. पाश्चात्त्य परंपरेत पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर) 22 मार्च ते 25 एप्रिल या दरम्यान येतो. तो पहिला दिवस धरून चाळिसाव्या दिवशी येशूच्या स्वर्गारोहणाचा सण येतो, म्हणजे 30 एप्रिल ते 3 जून यांमधला एखादा गुरुवार. आणि पन्नासाव्या दिवशी पेन्टेकॉस्टचा, पवित्र आत्मा उतरल्याचा सण, म्हणजे 10 मे ते 13 जून यांमधला एखादा रविवार. काही ठिकाणी स्वर्गारोहण पुढच्या रविवारी साजरे करतात, तर काही ठिकाणी गुरुवारीच संध्याकाळी खास उपासना असते, आणि नेमक्या त्याच संध्याकाळी आपण पाहुण्यांना बाहेर न्यायचे ठरवून बसलेले असतो. जिथे उन्हाळा जून ते ऑगस्ट असतो तिथे 24 जूनचा बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्मदिन, 29 जूनचा पेत्र आणि पौल यांचा सण आणि 15 ऑगस्टचा मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण हे दिवस आपल्या मंडळीत पाळले जातात का, ते पाहून घ्यावे.

प्रत्येक कार्यक्रमाची दोन टोके आखावीत

आता बाकीचे कार्यक्रम लिहावेत आणि प्रत्येकाभोवती रंगीत पेन्सिलीने एक पट्टा ओढावा. हा पट्टा आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत जायला हवा. वर सांगितलेलाच आठवडा घेऊ. मित्र मंगळवारी संध्याकाळी येऊन गुरुवारी सकाळी जाणार, म्हणून त्यांचा पट्टा सोमवारी संध्याकाळी सुरू होतो (खोली, चादरी, बाजार) आणि गुरुवारी दुपारी संपतो. शेजाऱ्यांचा कार्यक्रम शुक्रवारी संध्याकाळी, म्हणून त्याचा पट्टा गुरुवारी संध्याकाळपासून शनिवारी सकाळपर्यंत. रविवारचा पट्टा शनिवारी सकाळी चर्चच्या झाडलोटीने आणि गायनाच्या सरावाने सुरू होतो आणि सोमवारी सकाळी, सभागृहाच्या खुर्च्या जागेवर लागल्यावर संपतो.

पट्टे ओढले की दोष लगेच दिसतो. शुक्रवारची आवराआवर आणि रविवारची तयारी दोन्ही शनिवारी सकाळी एकमेकांवर चढलेली असतात, आणि त्याच वेळी मुलांच्या बायबल शाळेचा समारोप असतो. वहीत नुसते ‘शुक्रवार : शेजारी’ आणि ‘रविवार : वाचन’ लिहिले असते, तर मध्ये एक अख्खा दिवस मोकळा आहे असेच वाटले असते.

हा गुंता सोडवण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, कार्यक्रम हलवणे. दुसरा, त्याचे एक टोक आखूड करणे: शेजाऱ्यांना जेवायला न बोलावता साध्या अल्पोपाहाराला बोलवायचे, नऊ वाजता संपेल असे आधीच सांगायचे, आणि सगळी आवराआवर त्याच रात्री दहापर्यंत उरकायची. तिसरा मार्ग मला स्वतःला सर्वात आवडतो, तो म्हणजे दोन कार्यक्रम एकत्र आणणे. मित्र घरी असतानाच, बुधवारी संध्याकाळी, शेजाऱ्यांना बोलवावे. एकच स्वयंपाक, एकच झाडलोट, आणि दोन वर्तुळांतली माणसे एकमेकांना भेटतात. शुक्रवार पूर्ण सुटतो.

मात्र एकत्र आणण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी. येणारा मित्र कशासाठी येतो आहे? कोणी नुकतेच घरातले माणूस गमावलेले असते, कोणाची नोकरी गेलेली असते, आणि ते आपल्याशी शांतपणे बोलायला येत असतात. अशा माणसाला वीस अनोळखी चेहऱ्यांत बसवणे क्रूरपणाचे होईल. तेव्हा बुधवार मित्रासाठीच ठेवावा आणि शेजाऱ्यांना सरळ सांगून पुढच्या आठवड्याची तारीख द्यावी.

एक संध्याकाळ कोरी ठेवावी

मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात असे वर्णन आहे की, येणाऱ्या-जाणाऱ्यांची इतकी गर्दी होती की शिष्यांना जेवायलाही सवड मिळेना, तेव्हा येशूने त्यांना एकांतात चलून थोडा विसावा घ्यायला सांगितले. लोक तिथेही आधीच पोहोचले, आणि येशूला त्यांचा कळवळा आला. हा उतारा मी आठवड्याच्या आखणीत अक्षरशः वापरतो. एका संध्याकाळच्या रकान्यात काहीही लिहायचे नाही. बहुतेक वेळा त्या संध्याकाळी कोणीतरी येतेच: शेजारच्या मुलाला ताप भरतो, मंडळीतले कोणी दवाखान्यात दाखल होते. रकाना कोरा असल्यामुळेच आपण कपाळाला आठी न घालता उठून जाऊ शकतो.

त्यासाठी काही आमंत्रणांना नकार द्यावा लागतो. तो लगेच आणि कारणाशिवाय द्यावा. ‘बघतो, जमलं तर येतो’ असे सांगितले की समोरच्याच्या आखणीत आपण अर्धवट लटकत राहतो, आणि आपल्याही.

हात मोजावेत

कागदावर आता कामे दिसतात. पुढे प्रत्येक कामापुढे एकेक नाव लिहायचे असते. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्यायनिवाडा करीत बसलेला पाहून त्याचा सासरा इथ्रो त्याला सांगतो की, अशाने तू आणि हे लोक दोघेही थकून जाल. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसे नेम. ‘तू’ आणि ‘हे लोक’ दोघेही, हे शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत. सगळे एकट्याने करणाऱ्यामुळे इतरांनाही ताटकळावे लागते. प्रेषितांची कृत्ये, अध्याय सहा, यात विधवांना रोजच्या वाटणीत डावलले जात असल्याची तक्रार आली, तेव्हा प्रेषितांच्या सांगण्यावरून शिष्यांनी त्या कामासाठी सात जण निवडले आणि प्रेषितांनी त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. वाढण्याच्या कामासाठी नावे घेऊन, प्रार्थनेनिशी माणसे नेमली गेली.

तोच नियम घरात आणि मंडळीत पाळावा: एका कामापुढे एकच नाव. ‘तरुण संघ खुर्च्या लावील’ असे लिहू नये. तरुण संघातल्या कोणत्या मुलाला विचारायचे ते लिहावे. दोन नावे लिहिली तर दोघांनाही वाटते की दुसरा करील. मदत मागताना काम, वेळ आणि शेवट तिन्ही सांगावे. ‘रविवारी जरा हातभार लावशील का?’ याला माणूस हो म्हणतो आणि विसरतो. ‘रविवारी साडेआठ वाजता येऊन पाण्याचे दोन पिंप भरशील का? नऊपर्यंत तू मोकळा होशील,’ याला तो जे काही उत्तर देईल ते खरे असेल.

लहान मुलांनाही खरे काम द्यावे. दहा वर्षांचे मूल दारात उभे राहून प्रत्येकाच्या हातात उपासनेचा क्रम देऊ शकते, पाण्याचे पेले मोजू शकते, वयस्कर माणसाला बाकापर्यंत नेऊ शकते. नुसते ‘इकडे लुडबुड करू नकोस’ ऐकत राहिलेले मूल आठवडाभर किरकिर करते.

आणि किल्ली. कामांच्या यादीत किल्ली ही स्वतंत्र ओळ असायला हवी. हे मी एका सकाळी शिकलो. सभागृहाची लाल नाडी बांधलेली किल्ली आदल्या रात्री माझ्याकडे राहिली होती, घरी पाहुणे होते, आणि सकाळी ती त्यांच्या पिशव्यांखाली कुठेतरी गेली. शोधण्यात वीस मिनिटे गेली. मी पोहोचलो तेव्हा मंडळीतल्या एक आजी पायऱ्यांच्या कडेला, भिंतीच्या हातभर सावलीत काठी टेकून उभ्या होत्या. काठीच्या मुठीभोवती त्यांनी ओला रुमाल गुंडाळला होता, कारण मूठ उन्हाने तापली होती. त्या रागावल्या नाहीत, ‘आलात ना, बरं झालं,’ एवढेच म्हणाल्या. ते अजून मला लागते. तेव्हापासून आदल्या दिवशी किल्ली कोणाच्या घरी आहे आणि दुसरी कोणाकडे आहे, हे मी कागदावर लिहितो, आणि शनिवारी रात्री ती दाराजवळच्या खुंटीवर आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय झोपत नाही.

मुक्कामी येणारे मित्र

उन्हाळ्यातल्या पाहुणचाराचा क्रम उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात फार नेमका सांगितला आहे. अब्राहाम भर उन्हाच्या वेळी तंबूच्या दाराशी बसला असताना त्याला तीन पुरुष दिसतात. तो धावत सामोरा जातो आणि म्हणतो, थोडे पाणी आणू द्या, पाय धुवा, झाडाखाली विसावा घ्या; भाकरीचा विषय त्यानंतर निघतो. पाणी, सावली, विसावा आणि मग अन्न. कामही वाटलेले आहे: पीठ त्याची बायको सारा मळते, वासरू चाकर तयार करतो, अब्राहाम स्वतः वाढतो आणि पाहुणे जेवत असताना त्यांच्याजवळ उभा राहतो. प्रवासाने शिणलेल्या माणसाला दारातच आठवड्याचा कार्यक्रम ऐकवू नये. हात-तोंड धुवायची जागा, गार पाणी आणि अर्धा तास आडवे व्हायची मोकळीक एवढे आधी द्यावे.

पाहुणे येण्यापूर्वी त्यांना तीन गोष्टी कळवाव्यात: मुक्कामातल्या कोणत्या वेळी आपण घरी नसू, रविवारी किंवा मधल्या दिवशी उपासना असल्यास ती किती वाजता आहे, आणि तिला येणे सर्वस्वी त्यांच्या इच्छेवर आहे. न येणाऱ्याने घरी काय खावे, दार कसे लावावे हे सांगून ठेवले की दोघांचाही संकोच जातो. दुसऱ्या मंडळीतला मित्र उपासनेला येणार असेल आणि त्या दिवशी प्रभुभोजन असेल, तर ते कोणाला दिले जाते हे त्याला आदल्या रात्रीच सांगावे. काही मंडळ्या ते प्रत्येक बाप्तिस्मा झालेल्या व्यक्तीला देतात, काही फक्त आपल्या सभासदांना. वेदीपाशी गुडघे टेकल्यावर हे कळणे फार क्लेशाचे असते. रोमन कॅथोलिक पाहुण्यासाठी आणखी दोन गोष्टी उपयोगी पडतात: शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेने (त्यांच्या मुख्य उपासनेने) रविवारची बांधिलकी पूर्ण होते, आणि ख्रिस्तप्रसादापूर्वीच्या (त्यांच्या प्रभुभोजनापूर्वीच्या) एका तासाच्या उपवासात पाणी व औषध वर्ज्य नाही. उन्हाळ्यात ही दुसरी गोष्ट अनेकांना मुद्दाम सांगावी लागते.

शेजार

शेजाऱ्यांशी वागताना बायबलमधल्या नीतिसूत्रांतली दोन वचने मी शेजारी-शेजारी ठेवतो. सत्ताविसाव्या अध्यायात म्हटले आहे की दूरच्या भावापेक्षा जवळचा शेजारी बरा. आणि पंचविसाव्या अध्यायात बजावले आहे की शेजाऱ्याच्या घरी वारंवार पाऊल टाकू नको, नाहीतर तो कंटाळून तुझा द्वेष करील. जवळीक आणि अंतर दोन्ही सांभाळायचे असते.

घरी माणसे जमणार असतील, तर दोन दिवस आधी दोन्ही बाजूंच्या घरांना स्वतः जाऊन सांगावे. शब्द साधे असावेत: ‘काकू, बुधवारी सात ते नऊ आमच्याकडे पंधरा-वीस जण जमणार आहेत. थोडा आवाज होईल, नऊनंतर होणार नाही. काही अडचण वाटली तर हक्काने दार वाजवा. आणि मुख्य म्हणजे तुम्हीही या.’ शेवटचे वाक्य मनापासून म्हणता येत नसेल तर म्हणू नये. नऊ म्हणजे नऊ पाळावे. गाड्या कोणाच्या दारासमोर लागणार नाहीत याची जबाबदारी यादीत एका माणसाच्या नावावर असावी.

वेगळ्या धर्माचे शेजारी येणार असतील, तर ते काय खातात आणि काय खात नाहीत हे आधी विचारावे; विचारण्यात कमीपणा नसतो, अंदाज बांधण्यात असतो. जेवणाच्या आमंत्रणाच्या आड प्रार्थनासभा लपवू नये. माझे याबाबतचे मत कडक आहे. जेवणाला बोलावले तर जेवणच असावे. जेवणाआधी छोटी प्रार्थना करण्याची घरची रीत असेल तर तसे सांगून करावी. उपासनेला बोलवायचे असेल तर उपासनेला म्हणूनच, उघडपणे बोलवावे. शेजाऱ्याचा विश्वास एकदा गेला की परत मिळवायला वर्षे लागतात.

एकट्या राहणाऱ्या वयस्कर शेजाऱ्याकडे कडक उन्हाच्या दिवसांत सकाळी आणि संध्याकाळी अशी दोनदा चक्कर टाकावी. हे कामही कागदावर नावासकट लिहावे, कारण पाहुण्यांच्या गडबडीत सर्वात आधी हेच विसरले जाते.

ऊन, पाणी आणि अन्न

उन्हाळ्यातला मेळावा हा आधी प्रकृतीचा प्रश्न असतो. शिजवलेले अन्न, दुधाचे पदार्थ, मांस, अंडी आणि चिरलेली फळे 5 ते 60 अंश सेल्सिअस या तापमानात राहिली की जंतू वेगाने वाढतात. साधा नियम असा आहे की असे अन्न 2 तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहू देऊ नये, आणि हवेचे तापमान 32 अंशांच्या वर असेल तर 1 तासापेक्षा जास्त नाही. चर्चमध्ये याचा अर्थ असा होतो की, उपासनेपूर्वी आठ वाजता मांडून ठेवलेले पदार्थ साडेदहाला वाटण्याजोगे राहत नाहीत, मग ते कितीही ताजे दिसोत. एक तर शीतकपाटाची सोय असावी, किंवा सुके आणि न नासणारे पदार्थ निवडावेत, किंवा उपासना संपण्याच्या सुमारास अन्न घेऊन येणारा एक माणूस नेमावा. मोठ्या पातेल्यातला उरलेला भात तसाच झाकून ठेवू नये. उथळ भांड्यांत पसरून लवकर गार करून शीतकपाटात ठेवावा, नाहीतर पातेल्याच्या मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो.

पिण्याचे पाणी दाराजवळ ठेवावे, स्वयंपाकघरात नव्हे, कारण अनोळखी माणूस आत जाऊन पाणी मागत नाही. दुपारची कामे शक्यतो सकाळी दहापूर्वी किंवा संध्याकाळी चारनंतर करावीत. हवेचे तापमान 40 अंशांच्या वर गेले की पंख्याचा वारा अंग थंड करीत नाही. मग ओले फडके आणि थंड खोली यांचाच आधार असतो. उभ्याने चालणाऱ्या लांब प्रार्थनेत वयस्कर माणसांना चक्कर येते, म्हणून ‘ज्यांना बसायचे आहे त्यांनी बसून राहावे’ असे पाळकांनीच सुरुवातीला सांगावे. मग कोणाला ओशाळे वाटत नाही. मुलाला बंद गाडीत क्षणभरही ठेवू नये. उन्हात उभ्या गाडीतले तापमान 10 मिनिटांत सुमारे 10 अंशांनी चढू शकते, आणि काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडत नाही.

जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी गेले असेल आणि जलसंजीवनीची तयार पुडी नसेल, तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट-घोट द्यावे. चमचा चहाचा घ्यावा आणि मिठाचे प्रमाण वाढवू नये. डोके दुखणे, मळमळ, थकवा जाणवला तर सावलीत आडवे करून पाणी द्यावे. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भाजल्यासारखे तापले, शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. शरीराचे तापमान 40 अंशांच्या वर गेलेले असण्याची शक्यता असते. तातडीने वैद्यकीय मदत बोलवावी आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घालत राहावे. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. दुसरे राजे, अध्याय चार, यात शूनेमच्या बाईचा मुलगा कापणीच्या शेतात ‘माझे डोके, माझे डोके’ म्हणत कोसळतो आणि दुपारी आईच्या मांडीवर प्राण सोडतो. अलीशा संदेष्ट्याच्या हातून त्याला जीवदान मिळते, ती गोष्ट पुढची. पण उन्हात डोके धरून बसलेले मूल दिसले की ते वाक्य माझ्या कानात घुमते आणि मी हातातले काम टाकून उठतो.

शनिवार आणि रविवारची सकाळ

शनिवारी दुपारनंतर नवे काम अंगावर घेऊ नये. सकाळी चर्चची झाडलोट आणि सराव, दुपारी विश्रांती, संध्याकाळी रविवारचे सामान एका पिशवीत: बायबल (उताऱ्यावर फीत लावलेले), चष्मा, गीतांचे पुस्तक, अर्पणाचे पाकीट, पाण्याची बाटली, मुलांचे जास्तीचे कपडे आणि किल्ली. कपडे काढून ठेवावेत. सकाळचा नाश्ता काय असेल हेही रात्रीच ठरवावे.

रविवारी आपल्या कामाच्या अर्धा तास आधी पोहोचावे. खिडक्या उघडाव्यात, ध्वनिवर्धक तपासावा, व्यासपीठावरचे बायबल योग्य पानावर आहे हे स्वतः पाहावे. उपासना सुरू झाली की यादी पिशवीत टाकावी आणि ती बाहेर काढू नये. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात, येशू घरी आला असताना वाढण्याच्या कामात गुंतलेल्या मार्थेला त्याच्याकडून जे ऐकावे लागले ते वाढण्याच्या कामाबद्दल नव्हते, असे मला वाटते. ती पुष्कळ गोष्टींसाठी चिंता करीत होती आणि त्यात तिचे मन दुभंगले होते. अल्पोपाहाराची जबाबदारी असणाऱ्याने शेवटच्या गीतापूर्वी उठून जाण्याची सवय लावून घेऊ नये. आशीर्वचनानंतर दहा मिनिटे उशीर झाला तर कोणी उपाशी मरत नाही. त्या दहा मिनिटांत नवख्या माणसाशी बोलावे, आलेल्या शेजाऱ्याला पाळकांना भेटवावे.

सोमवार

सोमवारची सकाळ रिकामी ठेवलेली असली तरच वरचे सारे नीट पार पडते. उसनी आणलेली भांडी आणि सतरंज्या त्या दिवशीच घरोघरी पोहोचवाव्यात. मित्र सुखरूप पोहोचले का ते विचारावे. बोलावूनही न आलेल्या शेजाऱ्याकडे, कारण न विचारता, सहज डोकावून यावे. आठवड्याचा कागद टाकून देऊ नये. त्याच्या मागे, कोणत्या कामाला ठरवल्यापेक्षा किती जास्त वेळ लागला, पाणी किती संपले, कोणते नाव चुकीच्या कामापुढे लिहिले गेले, हे आठवते आहे तोवर लिहून तो गीतांच्या पुस्तकात घालून ठेवावा. मग सभागृहात जाऊन खुर्च्या मोजाव्यात, पिंपे पालथी घालावीत आणि किल्ली पुढच्या आठवड्याच्या माणसाच्या हातात द्यावी. मागच्या खिडकीची कडी जरा वर उचलून लावावी लागते, हेही त्याला तिथेच उभे राहून दाखवावे.